अकराव्या वर्षी बॅलेच्या निवासी शाळेत? स्लाउच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही लंडनजवळच्या स्लाउला राहता. मुलगी पावणेअकरा वर्षांची, इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात. दोन वर्षं दर शनिवारी ज्युनियर असोसिएट वर्गाला, म्हणजे निवडक लहान मुलांच्या बॅले वर्गाला, जाते आणि आता इयर सेव्हनसाठी एका निवासी बॅले शाळेची ऑफर आली आहे. त्याच वेळी इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा पास होऊन १ मार्चला ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षेने निवड करणाऱ्या सरकारी शाळेची, जागाही मिळाली. मुलगी म्हणते, जायचंच. तिचे बाबा म्हणतात, अभ्यास बुडेल. सांगलीहून सासूबाई विचारतात, "एवढीशी पोर होस्टेलवर कशाला?" उत्तर द्यायला दोन आठवडे उरलेत आणि तुम्ही विचारलंय: तिच्यात खरोखर बॅलेरिना होण्याइतकं काही आहे का, हे आत्ता ओळखायचं कसं?

मी डोंबिवलीत वाढले, बॅले मुंबईत शिकले. लग्नानंतर इंग्लंडला आले, रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचं शिक्षक-प्रशिक्षण घेतलं आणि गेली अठ्ठावीस वर्षं मिडलंड्समध्ये वर्ग चालवते आहे. माझ्याकडून अकरा मुलं निवासी बॅले शाळांत गेली. काही तिथे फुलली, काही अर्ध्यातून परत आली. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्या पायांबद्दल, कमानीबद्दल एक शब्दही बोलणार नाही. बाकी जे बोलेन ते या मुलांकडे आणि त्यांच्या आईवडिलांकडे बघून.

"तिच्यात तेवढं आहे का" या प्रश्नाचं उत्तर आज कोणाकडेच नाही. ऑफर देणाऱ्या शाळेकडेही नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची निवड करताना परीक्षक बघतात ते असं: खुब्याच्या सांध्यातून पाय किती बाहेर वळतो, म्हणजे टर्नआउट, पावलाची कमान, पाठ किती लवते, पायांची आणि धडाची लांबी, संगीत सुरू झाल्यावर अंग कसं उत्तर देतं, आणि सांगितलेली दुरुस्ती ती पुढच्याच खेपेला करून दाखवते का. काही ठिकाणी आईवडिलांची उंचीही विचारतात. यातला कान आणि शिकण्याची वृत्ती टिकते, हाडांची ठेवण बऱ्याच अंशी टिकते. पण बाकी सगळं ज्या शरीरावर पाहिलं, ते शरीर तीन वर्षांनी राहणार नाही. मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागाहून येतात. मग मांडीमागचे स्नायू ताठरतात, गेल्या महिन्यापर्यंत सहज बसणारा स्प्लिट अडतो, एका पायावरचा तोल जातो. पाळी येते, अंगाचा घाट बदलतो. आणि नेमकी याच काळात ती मुलगी घरापासून लांब, दिवसातले कितीतरी तास आरशासमोर, लिओटार्डमध्ये, तिच्याइतक्याच चांगल्या मुलींच्या रांगेत उभी असते.

बॅलेच्या शाळांना हे ठाऊक आहे. पॅरिस ऑपेराची शाळा १७१३ सालची, सेंट पीटर्सबर्गची १७३८ची. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलची मुळं १९२६ची. तिची लहान मुलांची शाळा १९५५पासून रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये आहे. बर्मिंगहॅमला एल्महर्स्ट आहे, हर्टफर्डशायरमध्ये ट्रिंग पार्क, चेस्टरला हॅमंड. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि तुम्ही शाळेचं नाव दिलेलं नाही ते बरंच केलंत. पण मूळ कल्पना एकच: शरीर घडण्याच्या वयात मुलं घ्यायची, रोज शिकवायचं आणि वाढत्या वयात कोण टिकतं ते बघायचं. म्हणून या शाळांत ठरावीक काळाने मूल्यमापन होतं. इकडचे नर्तक त्याला असेसमेंट म्हणतात, आणि एखाद्या मुलाला "पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा" असं सांगितलं की "असेस आउट झाला" म्हणतात. सोळाव्या वर्षी पुन्हा एक गाळणी असते. तेव्हा वरच्या शाळेच्या जागांसाठी जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कुठून कुठून मुलं येतात, काही स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बॅले स्पर्धेतून निवडलेली असतात. पाच वर्षं तिथेच काढलेल्या मुलीची जागा त्यात राखून ठेवलेली नसते. गळती हा या पद्धतीचा भागच आहे.

आपल्या लोकांत या शाळांना "गुरुकुल" म्हणायची सवय आहे. माझ्या सासऱ्यांनीही एकदा कौतुकाने तसं म्हटलं होतं. पण गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याला दरवर्षी पत्र पाठवून "तुझं अंग आमच्या उपयोगाचं राहिलं नाही" असं कोणी कळवत नसे. हा फरक डोळ्यांसमोर ठेवूनच मुलीला पाठवायचं किंवा नाही पाठवायचं.

म्हणून मी पालकांना सांगते, शाळा मुलांना निवडते कशी याची चौकशी कमी करा, आणि सोडते कशी याची जास्त करा.

हे मी एका मुलीमुळे शिकले. मराठीच कुटुंब. सुंदर पाय, सुंदर कान, वर्गात मी नुसती तिच्याकडे बघत राहावं अशी. ऑफर आल्यावर आईवडिलांनी मला विचारलं आणि मी क्षणाचाही विचार न करता "पाठवा" म्हटलं. त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तिचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ देऊन. तीन वर्षांनी, इयर नाइनच्या शेवटी, शाळेने आईवडिलांना बोलावलं, पंधरा मिनिटं बोलून तिची जागा संपल्याचं सांगितलं आणि मुलीला ते कळलं परतीच्या गाडीत, आईच्या तोंडून. कारण दिलं शरीराच्या ठेवणीचं. जवळच्या सेकंडरी शाळेत जागा मिळाली, पण तिथल्या मुलांनी जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे, विषय आधीच निवडले होते. तिला उरलेल्या गटांतून घ्यावे लागले. पुढच्या गणपतीला ती मंडळात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आज ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, बरी आहे, माझ्याशी बोलते. पण तिने मला एकदा सांगितलं, "मावशी, मला काढलं याचं नाही, सगळ्यांना माहीत होतं याचं जास्त लागलं." मी तिचे पाय बघून सल्ला दिला होता. ती शाळा मुलांना कसा निरोप देते, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तुमच्या शाळेला लेखी विचारा: पाच वर्षांपूर्वी इयर सेव्हनमध्ये आलेल्या मुलांपैकी आज इयर इलेव्हनमध्ये किती जण आहेत, आणि बाकीचे कुठे गेले? चांगल्या शाळेकडे हा आकडा असतो आणि त्या तो देतात. आकडा लहान असला म्हणून लगेच घाबरू नका, काही मुलं स्वतःहून निघतात. पण उत्तर टाळलं, "प्रत्येक मुलाचा प्रवास वेगळा असतो" असं काहीतरी गोड बोललं, तर ते उत्तर समजा. मग विचारा: जागा संपणार असेल तर किती महिने आधी इशारा मिळतो? मुलीला कोण सांगतं, तेव्हा तिच्याजवळ कोण असतं? नवी शाळा शोधायला मदत मिळते का? शाळा सोडून गेलेल्या मुलांशी नंतर कोणी बोलतं का? हे प्रश्न विचारल्याने ऑफर जात नाही. विचारायला संकोच वाटत असेल तर तुमच्या मिस्टरांना विचारायला लावा, त्यांची शंका इथे कामी येईल.

आता मुलीकडे वळू. तुम्ही लिहिलंय की ती "जायचंच" म्हणते आणि इयर सिक्सच्या सहलीला पाच दिवस गेली तेव्हा तिने एकदाही घरची आठवण काढली नाही. ताई, पाच दिवसांची सहल हा पुरावा नाही. परतीचा दिवस ठरलेला असतो तेव्हा सगळीच मुलं शूर असतात. "जायचंच" यावरूनही मी फार काही ठरवत नाही. दहाव्या वर्षी जायचं असतं ते एका चित्रात: अंबाडा, बोटांच्या टोकांवर उभं राहायचे गुलाबी सॅटिनचे पॉइंट शूज, रात्री मैत्रिणींबरोबर डॉर्मिटरीत कुजबुज. त्या चित्रात खोटं काही नाही, पण ते रविवारचं चित्र आहे आणि शाळा सगळी मंगळवारची असते.

मी मुलांना मंगळवारी बघते. संध्याकाळचा वर्ग, बाहेर पाऊस, शाळेतून दमून आलेली मुलं, आणि मी वीस मिनिटं फक्त तांदू घेते. पाय जमिनीवरून घासत पुढे, मिटवा, बाजूला, मिटवा, मागे, मिटवा. ना उडी, ना गिरकी, ना संगीतात काही नवं. बहुतेक मुलांची नजर घड्याळाकडे जाते, आणि त्यात गैर काही नाही. एखाद्-दुसरी मात्र पावलाकडे बघत राहते, काहीतरी शोधत असल्यासारखी. मी टाच पुढे ढकलायला सांगितली की तिचा चेहरा पडत नाही, उलट उजळतो. आपल्याकडे कथकच्या वर्गात तत्कारावर तासभर रमणारी पोर असते, तशी. स्टेजवर चमकणाऱ्या मुलीपेक्षा ही मुलगी निवासी शाळेत जास्त टिकते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुमची मुलगी यातली कोण, ते तिच्या बाईंना विचारा. "ती चांगली नाचते का" असं विचारू नका, "कंटाळवाण्या दिवशी ती कशी असते" असं विचारा.

आणि मुलीला शाळा एखाद्या साध्या दिवशी दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून ती तिथे फक्त ऑडिशनला गेली आहे. ऑडिशनच्या दिवशी इमारत, शिक्षक, जेवण, सगळंच सणासुदीचं असतं. विनंती केली तर बऱ्याच शाळा एक दिवस, कधी एक रात्रही राहू देतात. परतताना गाडीत तिला काही विचारू नका. ती आपण होऊन पहिल्यांदा कशाबद्दल बोलते ते ऐका. इयर एटमधल्या एखाद्या मुलीच्या पालकांचा संपर्क शाळेकडून मागून घ्या. इयर सेव्हनचे पालक अजून हरखलेले असतात.

इथे माझी एक उलटी चूकही सांगायला हवी. एक मुलगा होता, हळवा, रविवारी रात्री शाळेच्या विचाराने पोटात दुखणारा. मी आईला सांगितलं, हा घराबाहेर राहू शकणार नाही. तिने माझं ऐकलं नाही. त्याचं पोट दुखायचं ते घर सोडायच्या भीतीने नव्हे, तर त्याच्या साध्या शाळेत बॅलेवरून रोज होणाऱ्या छळाने. निवासी शाळेत गेल्यावर पहिल्यांदा तो सगळ्यांसारखा झाला. पहिल्या सुट्टीत माझ्या वर्गात आला तेव्हा त्याचे खांदे खाली आले होते, मान लांब झाली होती. जे मी दोन वर्षं हाताने करायचा प्रयत्न करत होते ते आपोआप झालं होतं. तेव्हा "हळवं मूल, म्हणून नको" हा नियम होत नाही. घरी आणि सध्याच्या शाळेत ते कसं आहे, यावर ते अवलंबून आहे.

आता खाणं आणि शरीर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या घरांत यावर बोललं जात नाही. २०२३ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमात इथल्या बॅले शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी सांगितलं की त्यांच्या शरीरावरून त्यांना कसं बोललं गेलं आणि त्यातून खाण्याचे आजार कसे जडले. ज्यांनी या क्षेत्रात आयुष्य काढलंय त्यांना ते ऐकून धक्का बसला नाही, लाज वाटली. तेव्हापासून शाळा बदलताहेत, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ नेमताहेत, हे खरं. तरीही विचारा: मुलींचं वजन करतात का? करत असतील तर कोण, कशासाठी, आणि आकडा कोणाला कळतो? वजनावर बोलण्याचा अधिकार नृत्यशिक्षकाला आहे का? माझ्या मते नसावा, तो डॉक्टर-नर्सचा असावा.

यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. जेवढा व्यायाम तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर बचत सुरू करतं. पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमकुवत होतात, पावलाच्या लांब हाडांना बारीक चिरा पडतात. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हाडांची मुख्य भरती याच वयात होते, नंतर ती कसर भरून निघत नाही. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. इथल्या शाळांत शाकाहारी जेवण मिळतं, पण मिळणं आणि पुरणं यांत फरक आहे. चीज-पास्ता आणि सॅलडवर दिवसाचे तीन-चार तास नाचणारी पोर पोसली जात नाही. वरण, उसळ, दही, शेंगदाणे, तीळ, नाचणी यांतून आपल्याला जे न कळत मिळतं त्याच्या जागी तिकडे काय आहे, ते मेन्यू मागवून बघा. ड जीवनसत्त्वाचं तर नक्कीच बघा. इथे हिवाळ्यात ते सगळ्यांनाच घ्यायला सांगतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करायला सांगते. लोहाची रक्ततपासणी जाण्याआधी करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा हाताशी राहील.

पॉइंट शूजची घाई शाळा करते का, तेही बघा. साधारण अकरा-बाराच्या आधी चांगले शिक्षक पॉइंट देत नाहीत. नुसत्या वयावरही ते जात नाहीत, घोट्याची आणि पोटरीची ताकद बघून ठरवतात. दुखापत झाली तर शाळेत फिजिओ आहे का, आणि "आज नाचायचं नाही" हे शेवटी कोण ठरवतं? वर्गावरची बाई ठरवत असेल तर मला काळजी वाटेल.

एक छोटी गोष्ट, पण आपल्या मुलींसाठी छोटी नाही: टाइट्स आणि शूजचा रंग. "गुलाबी" म्हणजे गोऱ्या पायाचा रंग, हे बॅलेत इतकी वर्षं गृहीतच धरलेलं होतं. बॅले ब्लॅक या लंडनच्या नृत्यकंपनीने फ्रीड या शूज बनवणाऱ्या कंपनीबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले ते २०१८ मध्ये. त्याआधी मुली शूजना फाउंडेशन फासत असत, मीही फासलंय. शाळेच्या गणवेशात मुलीला स्वतःच्या रंगाच्या टाइट्स घालता येतात का, हे विचारल्यावर समोरची व्यक्ती किती सहज उत्तर देते ते बघा.

सासूबाईंच्या प्रश्नाला मी जुनाट समजत नाही. "एवढीशी पोर" हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. अकराव्या वर्षी ताप आला की आईचा हात लागतो. हाउस पेरेंट, म्हणजे वसतिगृहात मुलांना सांभाळणारे, कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्याकडे एकाच वेळी खूप मुलं असतात. रात्री मजल्यावर कोण झोपतं, फोन कधी मिळतो, घरी येण्याचे एक्झिएट वीकएंड किती, हे सगळं विचारा. निवासी शाळांना सरकारी किमान नियम पाळावे लागतात. त्यांत शाळेबाहेरची एक स्वतंत्र व्यक्ती मुलांना बोलायला उपलब्ध असावी लागते. तुमच्या मुलीला तिचं नाव पहिल्याच आठवड्यात माहीत असलं पाहिजे. आणि मराठीचं बघा. घरातून निघालेल्या मुलीची मराठी सहा महिन्यांत "हो", "नको" आणि "भूक लागली" एवढ्यावर येते. सांगलीचा फोन आठवड्यातल्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी लावून द्या. त्यात आजीचंही समाधान आहे आणि मुलीला घराचा एक धागाही राहतो.

अभ्यासाबद्दल तिच्या बाबांना जितकी भीती वाटते तितकी मला वाटत नाही. या शाळांत वर्ग लहान असतात आणि ही मुलं वेळ वापरायला शिकतात. जीसीएसईला किती विषय घेता येतात आणि विज्ञान कोणत्या स्वरूपात, एवढं मात्र पाहा. खरा तोटा दुसरीकडे आहे: ग्रामरची जागा एकदा सोडली की ती परत मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षांत प्रवेश मिळतो तो रिकाम्या जागेवर आणि पुन्हा परीक्षा देऊन. तेव्हा जायचं ठरलं तर ही किंमत दोघांनीही आज, उघड्या डोळ्यांनी मान्य करा. नंतर मुलीला ती कधी ऐकवायची नाही.

पैशांचं लवकर सांगते. पूर्ण फी वर्षाला तीस हजार पौंडांच्या वर जाते आणि १ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे. मी वर नावं घेतलेल्या चारही शाळांत सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम आहे. तिच्यात घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते, पण तिला वास्तव्याच्या अटी आहेत. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल तर पात्रता आधी लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. शूज, टाइट्स, उन्हाळी शिबिरं, प्रवास वेगळे. पॉइंट शूजच्या एका जोडाला पन्नास पौंडांहून जास्त पडतात आणि रोजच्या सरावात तो काही आठवड्यांत बसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आत्ता "नको" म्हटलं तर दार बंद होतं का? नाही होत. वर्षानुवर्षं मुलं बघून माझं मत असं झालंय की अकरा ते तेरा या वयात चांगल्या शिक्षकाकडे आठवड्याला चार-पाच वर्ग, असोसिएट वर्ग आणि उन्हाळ्यात एक शिबिर एवढं पुरतं. चौदा-पंधरापर्यंत मात्र रोजचा वर्ग लागतोच. माझी एक विद्यार्थिनी सोळापर्यंत घरीच होती. मग वरच्या शाळेत गेली आणि आज जर्मनीतल्या एका शहराच्या थिएटरमध्ये नाचते, वर्षावर्षाच्या करारावर. त्याच सरकारी स्कीमच्या पैशांवर ठिकठिकाणी सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग नावाची नृत्याची केंद्रं चालतात, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. अमेरिकेच्या मिस्टी कोपलँडने तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची नर्तकी, झाली. मुंबईचा अमिरुद्दीन शाह किशोरवयात बॅलेकडे वळून २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला. ही उदाहरणं अपवादाचीच आहेत, आणि मुलग्यांच्या बाबतीत उशीर जास्त खपतो. पण अकराव्या वर्षी गाडी चुकली म्हणजे सगळंच चुकलं, हे खरं नाही. अट एकच, घराजवळ खरोखर चांगला शिक्षक हवा. तुमच्या सध्याच्या बाईंकडे आठवड्याला दोनच वर्ग असतील आणि त्यापुढे सोय नसेल, तर घरी राहण्याचा पर्याय कागदावरच राहतो, आणि मग माझा कौल शाळेकडे झुकेल.

तर आतापर्यंतचं मिळून: शाळा मुलांना माणुसकीने निरोप देते याची खात्री पटली, मुलगी मंगळवारची आहे असं तिच्या बाईंनी सांगितलं, आणि खाण्यापिण्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर मी पाठवा म्हणेन. यातलं पहिलं पटलं नाही तर मुलगी कितीही गुणी असली तरी नको म्हणेन.

पाठवाल तेव्हा पाच वर्षांचा निर्णय घेऊ नका, दोन वर्षांचा घ्या. इयर एटच्या शेवटी तिघांनी बसून पुन्हा ठरवायचं, शाळा काहीही म्हणो. तेव्हा परत आली तर जीसीएसईचे विषय सुरू व्हायला अवकाश असतो आणि साध्या शाळेत रुळता येतं. हे मुलीला आत्ताच सांगा, तिच्या भाषेत: "तुला तिथे आवडेनासं झालं तर तू एक फोन करायचा. कारण सांगावं लागणार नाही. शाळेने नाही म्हटलं तरी आपल्या घरात ते अपयश नसेल." आणि गावाला, मंडळाला, व्हॉट्सअॅपच्या गटाला "शाळा बदलतेय" एवढंच सांगा. सत्कार नको.

दोन आठवड्यांत करायचं एवढंच: उद्या शाळेला ईमेल करून वरचे प्रश्न पाठवा, एका साध्या दिवसाची भेट मागा आणि उत्तरासाठी दहा दिवसांची मुदतवाढ मागा. बहुधा मिळते. ग्रामरची जागा तोपर्यंत सोडू नका. ती स्वीकारल्याचं कळवायची शेवटची तारीख वेगळी असते, ती आज काढून ठेवा. सही करण्याआधी करारातलं नोटिसचं कलम वाचा: खासगी शाळांत सहसा पूर्ण एका टर्मची लेखी नोटिस द्यावी लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. म्हणजे इयर एटच्या जुलैत मुलीला परत आणायचं असेल तर पत्र ईस्टरची टर्म संपायच्या आत गेलं पाहिजे. ती तारीख करार हातात आला की त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.